मेकॅनिकल शिकत एरोस्पेसकडे : गोव्यातील विद्यार्थी आणि पालक यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीनंतर विमान, रॉकेट किंवा उपग्रह यांच्याशी संबंधित अभियांत्रिकी करावी, अशी इच्छा असलेले विद्यार्थी गोव्यात दरवर्षी भेटतात, आणि घरापासून लांब जाऊन एरोस्पेसची पदवी घ्यावी की गोव्यातच मेकॅनिकल करून पुढे त्या क्षेत्राकडे वळावे, या पेचात ते आणि त्यांचे पालक अडकलेले असतात. माझे मत आधीच सांगतो. मेकॅनिकलची पदवी ही एरोस्पेसकडे जाण्याची दुय्यम वाट नाही. मात्र त्या चार वर्षांत कोणते विषय मुळापासून करायचे, हे विद्यार्थ्याने स्वतः ठरवावे लागते, कारण अभ्यासक्रम ते त्याच्यासाठी ठरवत नाही.

गोव्यात मेकॅनिकल कोठे शिकता येते?

फर्मागुडीचे गोवा अभियांत्रिकी महाविद्यालय १९६७ पासून सुरू आहे. त्याशिवाय राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था, आयआयटी गोवा, झुआरीनगरचा बिट्स पिलानीचा परिसर, वेर्ण्याचे पाद्रे कॉन्सेसांव महाविद्यालय आणि फातोर्ड्याचे डॉन बॉस्को महाविद्यालय येथे मेकॅनिकल शाखा आहे. प्रवेशाचे नियम आणि जागा यांत बदल होत असतात, म्हणून राज्यातील महाविद्यालयांसाठी पर्वरीच्या तंत्रशिक्षण संचालनालयाचे त्या वर्षीचे माहितीपत्रक वाचावे आणि शेजाऱ्याच्या मुलाच्या अनुभवावर विसंबू नये.

मेकॅनिकल आणि एरोस्पेस यांत नेमका फरक काय?

पहिली दोन वर्षे फारसा फरक नसतो. गणित, फ्लुइड मेकॅनिक्स, थर्मोडायनॅमिक्स, स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स, कंपने, नियंत्रणशास्त्र आणि धातुशास्त्र हा पाया दोन्हींकडे एकच असतो. त्यानंतर एरोस्पेसचा विद्यार्थी वायुगतिकी, उड्डाणाचे स्थैर्य व नियंत्रण, पातळ पत्र्यांच्या रचना, प्रणोदन (प्रोपल्शन) आणि कक्षांचे गणित यांकडे जातो, तर मेकॅनिकलचा विद्यार्थी मशीन डिझाइन, उत्पादनप्रक्रिया, रेफ्रिजरेशन आणि औद्योगिक व्यवस्थापन शिकतो.

खरा फरक विचारांच्या सवयीत आहे. मशीन डिझाइनच्या वर्गात एखाद्या भागासाठी सुरक्षा गुणांक तीन किंवा चार घेतला तर कोणी हरकत घेत नाही, कारण थोडे लोखंड जास्त लागले तरी यंत्र जमिनीवरच उभे राहणार असते. विमानाच्या रचनेत मात्र हा गुणांक सर्वसाधारणपणे १.५ असतो. याचा अर्थ असा की, विमानाच्या आयुष्यात येऊ शकणाऱ्या सर्वांत मोठ्या भाराच्या दीडपट भारापर्यंतच रचना मोडता कामा नये. त्याहून जास्त राखीव ताकद ठेवली तर वजन वाढते आणि ते वजन प्रत्येक उड्डाणात वाहून न्यावे लागते. एवढ्या कमी राखीव ताकदीवर काम करायचे असेल, तर भार किती येणार, तो पत्र्यातून कोणत्या वाटेने जाणार आणि पत्रा तुटण्याआधी सुरकुतून वाकणार का, या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर अचूक असावे लागते. १९५४ मध्ये ब्रिटनच्या कॉमेट या जेट प्रवासी विमानांचे दोन अपघात झाले. वारंवार वाढणाऱ्या आणि उतरणाऱ्या केबिनच्या दाबामुळे पत्रा थकत गेला आणि अखेर फाटला, असे तपासात निष्पन्न झाले. तेव्हापासून धातूची थकवण हा विमानरचनेचा गाभ्याचा विषय बनला आहे, आणि मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याने तो मशीन डिझाइनमधील एक धडा म्हणून उरकू नये.

पदवीवर ‘एरोस्पेस’ लिहिलेले नसेल तर पुढे अडते का?

सहसा अडत नाही. इस्रोचे एकेकाळचे अध्यक्ष सतीश धवन यांनी पंजाब विद्यापीठातून मेकॅनिकल अभियांत्रिकी केली आणि पुढे अमेरिकेतील कॅलटेकमध्ये वैमानिकीत संशोधन केले. एस. सोमनाथ यांनी कोल्लमच्या महाविद्यालयातून मेकॅनिकलची पदवी घेतली आणि त्यानंतर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतून एरोस्पेसमध्ये पदव्युत्तर शिक्षण घेतले. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले तेव्हा तेच इस्रोचे अध्यक्ष होते. इस्रोच्या केंद्रीय भरतीत वैज्ञानिक-अभियंता पदासाठी मेकॅनिकलची स्वतंत्र परीक्षा असते, आणि अलीकडच्या जाहिरातींत किमान ६५ टक्के गुण किंवा १० पैकी ६.८४ सीजीपीए अशी अट असते. या टक्केवारीकडे पहिल्या सत्रापासूनच लक्ष द्यावे, कारण शेवटच्या वर्षी कितीही अभ्यास केला तरी आधीच्या सत्रांत गमावलेले गुण भरून निघणे अवघड असते.

कोणत्या विषयांवर जास्त वेळ द्यावा?

पहिला विषय गणित. डिफरन्शियल इक्वेशन्स आणि मॅट्रिक्स यांत कच्चे राहिलेल्या विद्यार्थ्याला पुढे कंपने, नियंत्रणशास्त्र आणि उष्णतावहन असे तिन्ही विषय एकदम जड जातात, आणि दोष कोठे आहे हे त्याच्या लक्षात येत नाही.

दुसरा विषय फ्लुइड मेकॅनिक्स, आणि येथे अभ्यासक्रमाच्या बाहेर जावे लागते. मेकॅनिकलच्या अभ्यासक्रमात पाइपमधील प्रवाह, पंप आणि टर्बाइन यांना पुष्कळ जागा असते, पण ध्वनीच्या वेगाजवळ हवा दाबली जाते तेव्हा काय घडते, शॉक वेव्ह कशी तयार होते आणि पंखाच्या पृष्ठभागावरील सीमास्तर, म्हणजे पृष्ठभागालगतचा हवेचा पातळ थर, कोठे सुटतो, हे विषय ऐच्छिक असतात किंवा शेवटच्या दोन व्याख्यानांत आटोपले जातात. ते एनपीटीईएलच्या व्याख्यानांमधून शिकता येतात. ती व्याख्याने आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्थेच्या प्राध्यापकांची आहेत आणि विनामूल्य पाहता येतात. मात्र व्याख्यान पाहणे म्हणजे शिकणे नव्हे. प्रत्येक आठवड्याची गणिते वहीत सोडवली तरच त्यांचा उपयोग होतो.

तिसरा विषय थर्मोडायनॅमिक्समधील ब्रेटन चक्र. जेट इंजिन याच चक्रावर चालते. आधुनिक इंजिनाच्या टर्बाइनमध्ये शिरणाऱ्या वायूचे तापमान पात्यांच्या निकेल मिश्रधातूच्या वितळणबिंदूपेक्षाही जास्त असते, तरीही पाते टिकते. पात्याच्या आत बारीक वाहिन्या असतात, कॉम्प्रेसरमधून घेतलेली तुलनेने थंड हवा त्यांतून वाहते, काही हवा छिद्रांतून बाहेर पडून पात्यावर पातळ पडदा धरते, आणि वर सिरॅमिकचा लेप असतो. या एका पात्यात उष्णतावहन, धातुशास्त्र, ओतकाम आणि प्रवाहशास्त्र एकत्र येतात आणि हे सर्व मेकॅनिकलचेच विषय आहेत. भारताला स्वतःचे लढाऊ जेट इंजिन पूर्णत्वाला नेणे इतके अवघड का गेले, हे अशा एका पात्याचा अभ्यास केल्यावर उमगते.

रॉकेटकडे वळू इच्छिणाऱ्यांनी यात क्रायोजेनिक्सची, म्हणजे अतिशीत तापमानाच्या शास्त्राची, भर घालावी. द्रवरूप हायड्रोजन उणे २५३ आणि द्रवरूप ऑक्सिजन उणे १८३ अंश सेल्सिअसला साठवावा लागतो. त्या तापमानाला सील, झडपा आणि बेअरिंग कसे वागतात, हा यंत्र अभियंत्याचाच प्रश्न आहे.

प्राथमिक शिक्षण मराठीतून झाले आहे. इंग्रजीतील अभ्यासक्रम झेपेल का?

झेपतो. सत्तरी, पेडणे, डिचोली, फोंडा या तालुक्यांतील कितीतरी मुले चौथीपर्यंत मराठीतून आणि पुढे इंग्रजीतून शिकलेली असतात. अभियांत्रिकीच्या पहिल्या सत्रात अडचण येते ती बहुधा वर्गात प्रश्न विचारण्याच्या संकोचाची असते. विषय न कळण्याची ती नसते. संकल्पना मित्राला मराठीत किंवा कोकणीत समजावून सांगता आली तर ती समजली आहे असे मानावे, आणि मग तीच गोष्ट इंग्रजीत लिहिण्याचा सराव करावा, कारण पुढे अहवाल, शोधनिबंध आणि मुलाखती इंग्रजीतच होतात. हा सराव शेवटच्या वर्षासाठी राखून ठेवू नये.

डिप्लोमा करून या क्षेत्रात जाता येते का?

जाता येते. तंत्रनिकेतनातून मेकॅनिकलचा डिप्लोमा करून पदवीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळू शकतो. जानेवारी २०२५ मध्ये इस्रोचे अध्यक्ष झालेले व्ही. नारायणन यांचे तांत्रिक शिक्षण मेकॅनिकल डिप्लोमापासून सुरू झाले. पुढे त्यांनी खरगपूरच्या आयआयटीतून क्रायोजेनिक्समध्ये एम.टेक. आणि एरोस्पेसमध्ये पीएच.डी. केली. डिप्लोमाच्या विद्यार्थ्यांचा हात वर्कशॉपमध्ये चांगला बसलेला असतो, गणितात मात्र त्यांना एक उन्हाळा जादा घालावा लागतो.

विमानतळावर विमानांची देखभाल करायची आहे. त्यासाठी ही पदवी चालते का?

पालकांचा सर्वांत जास्त गोंधळ येथे होतो. विमानाची देखभाल झाल्यावर ते उड्डाणास योग्य आहे, अशी सही करण्याचा अधिकार नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा म्हणजे डीजीसीएचा परवाना असलेल्या देखभाल अभियंत्यालाच असतो. हा परवाना सीएआर-६६ या नियमावलीनुसार मिळतो. त्यात बी-१ हा वर्ग विमानाचा सांगाडा आणि इंजिन यांच्यासाठी, तर बी-२ हा विद्युत व इलेक्ट्रॉनिक यंत्रणांसाठी असतो, आणि त्यासाठी स्वतंत्र प्रशिक्षण, परीक्षा व प्रत्यक्ष कामाचा अनुभव लागतो. बी.ई. मेकॅनिकल झालेल्या अभियंत्याला केवळ पदवीच्या बळावर ती सही करता येत नाही. उलट, केवळ परवाना हाती असलेल्याला पंखाच्या रचनेचे किंवा संशोधनाचे काम सहसा मिळत नाही. दाबोळीला किंवा मोपाला विमानाखाली उभे राहून काम करायचे असेल तर परवान्याची वाट धरावी. नवे विमान घडवण्याच्या कामात भाग घ्यायचा असेल तर पदवीची. दोन्ही मानाची कामे आहेत, पण दोन्हींचे प्रवेश अगदी सुरुवातीलाच वेगळे होतात.

चष्मा आहे, तर ही शाखा घेता येते का?

घेता येते. वैमानिकाचे वैद्यकीय निकष अभियंत्याला लागू नसतात.

गोव्यात राहून या क्षेत्राचे प्रत्यक्ष दर्शन कोठे घडते?

पुष्कळ ठिकाणी घडते, आणि एवढ्या लहान राज्याच्या मानाने ही मोठीच अनुकूलता आहे. बोगमाळोचे नौदल हवाई संग्रहालय १९९८ पासून आहे. तेथे सहलीत जाऊन आलेल्या विद्यार्थ्याने मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षानंतर वही घेऊन पुन्हा जावे. दाबोळीच्या आयएनएस हंस तळावरून १९८३ ते २०१६ या काळात उडालेल्या सी हॅरियर प्रकारच्या विमानाच्या दोन्ही बाजूंना मिळून चार फिरत्या तोट्या असतात. पुढच्या दोन तोट्यांतून पंख्याने दाबलेली तुलनेने थंड हवा बाहेर पडते आणि मागच्या दोन तोट्यांतून इंजिनातील तप्त वायू. चारही तोट्या खाली वळवल्या की विमान उभ्या उभ्या उतरू शकते. आता प्रश्न असा घालून घ्यावा की, चार ठिकाणी विभागलेल्या या जोराची परिणामी रेषा विमानाच्या गुरुत्वमध्यातून गेली नाही तर काय होईल. पहिल्या वर्षाच्या इंजिनिअरिंग मेकॅनिक्समधला आघूर्णाचा (मोमेंटचा) धडा येथे जमिनीवर उतरलेला दिसतो. त्याच आवारात घडीच्या पंखांची विमाने आहेत. त्या बिजागरीतून पंखाचा सगळा वाकवणारा भार कसा जात असेल, हे रेखाटून पाहणे हा रचनाशास्त्राचा उत्तम स्वाध्याय आहे.

आयएनएस हंस तळावर विमानवाहू नौकेच्या डेकची प्रतिकृती असलेली किनारी चाचणी सुविधा आहे. तेथे १३ सप्टेंबर २०१९ रोजी नौदलासाठीच्या तेजसने तारेच्या साहाय्याने पहिल्यांदा उतरून दाखवले आणि ११ जानेवारी २०२० रोजी ते आयएनएस विक्रमादित्यवर उतरले. ही जागा परवानगीशिवाय पाहता येत नाही, पण तिचे गणित कोणालाही करता येते. ताशी २४० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ६७ मीटर वेगाने येणारे विमान ९० मीटरांत थांबवायचे, तर वेगाचा वर्ग भागिले अंतराची दुप्पट या सूत्राने सेकंदाला सेकंदाला सुमारे २५ मीटर इतके अवत्वरण येते, म्हणजेच गुरुत्वत्वरणाच्या अडीचपट. विमानाच्या वजनाच्या अडीचपट असा हा ओढा शेपटीखालच्या एका हुकातून सांगाड्यात शिरतो, आणि म्हणून नौदलाच्या विमानाचा मागचा भाग व चाकांचे पाय हवाई दलाच्या विमानाहून दणकट करावे लागतात.

उद्योगांकडे पाहायचे तर पिळर्णच्या औद्योगिक वसाहतीत किनेको ही कंपनी कंपोझिटचे, म्हणजे तंतू आणि राळ मिळून बनलेल्या पदार्थाचे, सुटे भाग बनवते, आणि हिंदुस्तान एरोनॉटिक्स व साफ्रान यांच्या भागीदारीतून हेलिकॉप्टर इंजिनांच्या देखभाल-दुरुस्तीचा प्रकल्प गोव्यात उभा राहिला आहे. इंटर्नशिपसाठी अर्ज करताना केवळ गुणपत्रिका पाठवू नये. आपण केलेल्या एखाद्या कामाचे दोन पानांचे टिपण सोबत जोडावे.

शेवटच्या वर्षाचा प्रकल्प कोणता घ्यावा?

मोजता येईल असा घ्यावा. संगणकावर प्रवाहाची रंगीत चित्रे काढून सादर केलेले प्रकल्प मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि त्यांतील बऱ्याच प्रकल्पांत गणनेची जाळी (मेश) बारीक केल्यावर उत्तर बदलते का, किंवा माहीत असलेल्या एखाद्या प्रयोगाशी ते जुळते का, हे तपासलेलेच नसते. ओपनफोम किंवा अन्सिस ही प्रवाहगणनेची सॉफ्टवेअर वापरण्यास हरकत नाही, परंतु नाका ००१२ सारख्या ज्याचे प्रायोगिक आकडे सर्वत्र उपलब्ध आहेत अशा पंखछेदावर आधी स्वतःची पद्धत पडताळून घ्यावी.

रिमोटवर उडणारे विमान बनवणाऱ्यांनी रेनॉल्ड्स अंकाकडे, म्हणजे प्रवाहातील जडत्व आणि चिकटपणा यांच्या गुणोत्तराकडे, दुर्लक्ष करू नये. पंखाची रुंदी २० सेंटिमीटर आणि वेग सेकंदाला १५ मीटर धरला तर हा अंक दोन लाखांच्या आसपास येतो. प्रवासी जेटसाठी तो कोट्यवधींत असतो. दोन लाखांच्या टप्प्यात हवेचा थर पंखावरून लवकर सुटतो, त्यामुळे मोठ्या विमानाचा पंखछेद जसाच्या तसा उचलला तर अपेक्षित उचल मिळत नाही. हवेची घनताही पुस्तकातील १.२२५ धरू नये. मे महिन्यात ३२ अंश तापमानाला आणि दमट हवेत गोव्याच्या किनाऱ्यावर ती प्रतिघनमीटर सुमारे १.१४ किलोग्रॅम असते, म्हणजे तेवढीच उचल मिळवायला वेग सुमारे ३.७ टक्क्यांनी वाढवावा लागतो. एसएई इंडियाच्या एरो डिझाइन स्पर्धेसारख्या ठिकाणी वजनाचा प्रत्येक ग्रॅम मोजला जातो, तेव्हा हा फरक लहान राहत नाही.

माझ्या मते गोव्याला सर्वांत साजेसा विषय म्हणजे खारी हवा आणि गंज. कार्बन फायबरचे कंपोझिट आणि ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटून असतील आणि मध्ये खारट ओलावा शिरला, तर ॲल्युमिनियम झपाट्याने झिजते. म्हणून दोघांच्या मध्ये काचतंतूचा थर देतात. बोल्टने जोडलेले नमुने, काही या थरासह आणि काही थराविना, वास्कोतील एखाद्या गच्चीवर पावसाळाभर ठेवावेत, काही कोरड्या खोलीत ठेवावेत, आणि नंतर महाविद्यालयातील ताणचाचणीच्या यंत्रावर सगळे ओढून पाहावेत. खर्च थोडा होतो, आकडे स्वतःचे मिळतात, आणि मुलाखतीत त्यावर कितीही खोदून प्रश्न विचारले तरी उत्तर देता येते.

ड्रोन कोठेही उडवता येतो का?

येत नाही. ड्रोन नियम २०२१ नुसार देशाचे आकाश लाल, पिवळ्या आणि हिरव्या क्षेत्रांत विभागलेले आहे. विमानतळाच्या हद्दीपासून आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात हिरवे क्षेत्र फक्त २०० फुटांपर्यंत असते आणि त्याच्या आत परवानगी लागते. गोव्यात दाबोळी आणि २०२३ च्या जानेवारीपासून वाहतुकीस खुले झालेले मोपा असे दोन विमानतळ आहेत, त्यांपैकी दाबोळी हा नौदलाचा तळ आहे, त्यामुळे आपले मैदान कोणत्या रंगात येते हे डिजिटल स्काय नकाशावर पाहूनच उड्डाणाची जागा ठरवावी. महाविद्यालयाच्या मैदानावरही हाच नियम लागू आहे.

गेट परीक्षा मेकॅनिकलमधून द्यावी की एरोस्पेसमधून?

सरकारी कंपन्यांच्या नोकऱ्याही डोळ्यांसमोर असतील तर मेकॅनिकलमधून, कारण त्या पेपरला मागणी अधिक ठिकाणी असते. एरोस्पेसचे एम.टेक. हेच उद्दिष्ट असेल, तर संबंधित संस्था मेकॅनिकलचा गुणांक स्वीकारते का ते तिच्या माहितीपत्रकात पाहावे. अनेक संस्था स्वीकारतात. ठरावीक जोड्यांपैकी दोन पेपर देण्याचीही सोय आहे, पण उड्डाणाचे स्थैर्य आणि कक्षांचे गणित नव्याने शिकण्यास किमान एक सत्र हाताशी असेल तरच ती घ्यावी. गुणांक तीन वर्षे ग्राह्य राहतो.

घरात पोर्तुगीज पासपोर्टचा विचार चालू आहे. त्याचा या करिअरवर परिणाम होतो का?

होतो, आणि हा निर्णय शिक्षणाच्या निर्णयासोबतच घ्यावा. भारतीय कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही, त्यामुळे पोर्तुगीज नागरिकत्व घेतल्यावर भारतीय नागरिकत्व संपते. ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड मिळाले तरी इस्रो, डीआरडीओ यांसारख्या संस्थांतील शासकीय पदांची दारे सर्वसाधारणपणे बंद होतात. दुसऱ्या बाजूने पाहता, पोर्तुगाल २००० पासून युरोपीय अंतराळ संस्थेचा सदस्य आहे आणि सदस्य देशांच्या नागरिकांना तेथे अर्ज करता येतो. युरोपातील विमान उद्योगातही काम करण्याचा परवाना वेगळा काढावा लागत नाही. अमेरिकेत मात्र भारतीय किंवा पोर्तुगीज या दोन्ही पासपोर्टांवर अडचण एकच आहे. तेथील शस्त्रास्त्र निर्यात नियमांमुळे रॉकेट आणि संरक्षण क्षेत्रातील बहुतेक कामे अमेरिकी नागरिक किंवा कायम रहिवासी यांच्यापुरती मर्यादित असतात, आणि तेथे एम.एस. करण्यासाठी कर्ज काढणाऱ्या कुटुंबाने ही गोष्ट प्रवेशाचे शुल्क भरण्याआधी समजून घ्यावी.